चकित
अन्नपूर्णेचे यजमान वामनराव अमरावतीला मास्तरकी शिकायला गेले, तेव्हा संग्रामपुरात ती चोरून नणंदेच्या पाटीवर अक्षरं गिरवू लागली. आश्चर्यानं गाव 'चाट पडायचं'. वामनराव मात्र पुस्तकी बोलीत 'चकित' व्हायचे. म्हणून सहा महिन्यांनी तिनं त्यांना त्यांच्याच शब्दात पहिलं पत्र लिहिलं: "चकित झालात ना?" उत्तर आलं, तसं सुनेचं गुपित कळून सासू हरखली. "आता वाचायले पटवाऱ्याले काऊन बोलवू? तूच वाच." अन्नपूर्णा लाजत, बोट ठेवत मोठ्यानं अक्षरं जुळवू लागली. "मी वामनरावांचा खोलीतला सोबती लिहितो. तुमचं पत्र पोचायच्या आदल्या दिवशी वामनराव मानमोडीच्या तापानं वा...र...ले." तोंडानं शब्द पुरा केला, अर्थ मागाहून आला. बोट कागदावरच थिजलं. सासूच्या हातातलं सूप ज्वारीसकट खाली पडलं. "नीट वाच, पोरी. तुले अजून वाचता येत नाही." "हाव आत्याबाई, नाही येत मले," म्हणत अन्नपूर्णा पुन्हा पहिल्या अक्षरापासून वाचू लागली.