ओलाव्याचा कडता

"वजन नव्वद किलोच्या आत आणा, मगच भरीत खा," असं डॉक्टरांनी पितांबरनानांना बजावलं, तेही ऐन हिवाळ्यात. शेताशेतांत वांगी भाजली जात होती, भरितावर तेलाचा तवंग चढत होता आणि नाना बांधावर मुळा चावत बसत. दोन महिने त्यांनी असे नेटानं काढले. आज धरणगावच्या बाजारात कापूस मोजताना तोलाऱ्यानं ओलाव्यापोटी क्विंटलमागे दोन किलो कडता कापला. नाना कडाडले, "मना कापूस बठ्ठा कोरडा शे, सगळाच्या सगळा!" भांडून घामाघूम झालेले नाना मग चपला काढून स्वतःच काट्यावर चढले. तोलारी ओरडला, "एकोणनव्वद!" "मंदा, वांगी घे!" नाना बायकोला म्हणाले. मंदाबाईंनी वाकून काटा वाचला. "इथे तर एक्याण्णव शे." तोलारी ओशाळला. "सवयीनं दोन किलो कडता कापला, अक्का." नानांनी कपाळावरचा घाम निपटून दाखवला. "बरोबर कापला त्यानं. ओलावा शे ना!"