खताचं विरजण

मंगळावरच्या पोरांना जंतू म्हणजे शत्रू, एवढंच ठाऊक. म्हणून शलाकाने घरची खतपेटी जंतुनाशकाने लख्ख पुसली आणि तिथेच फसली. भाजीची देठं कुजेनात, वाफ्याला माती मिळेना, मेथीने माना टाकल्या.

"बाई, माझी पेटी मेली," ती शाळेत रडवेली होऊन म्हणाली.

"दही बिघडलं तर आई काय करते?" कुंदाबाईंनी विचारलं.

"शेजारून विरजण आणते."

"मग घे वाटी आणि फीर!"

वर्गातल्या प्रत्येकाने आपापल्या पेटीतलं चिमूटभर काळं खत वाटीत घातलं. महिन्याभरात शलाकाच्या पेटीत देठं कुजू लागली, पेटी पुन्हा उबदार झाली. नव्या खताची पहिली मूठ तिने झाकून ठेवली.

"वाफ्यात नाही घालायची?" आईने विचारलं.

"ही मागायला येणाऱ्याची," शलाका म्हणाली.