चालू डिस्क

मिलच्या ऑफिसातून आला की सुजय ताटाकडे पाठ करून बसतो, ही कुठली रीत, म्हणून इंदुमतीबाई तीन दिवस धुसफुसत होत्या. आज त्यांनी ताट त्याच्यासमोर आदळलं. "काय करून आलास ते बोल, मग नखरे कर."

मिल बंद पडली तरी तिथला कंप्युटर तोच सांभाळत होता. जुनी रजिस्टरं रद्दीत गेलेली, कामगारांच्या नोकरीचा पुरावा आता त्या एका डिस्कवर होता.

"डिस्क तपासायची तर आधी ती अनमाउंट करायची असते, म्हणजे चालू कामातून सोडवायची, आई. चालू डिस्कवर दुरुस्ती लावली की चांगल्या फाइलीपण खराब होतात. पण साहेब मागेच उभे. बोलले, 'चालू में ही लगा दे, सोमवार को लेबर कोर्टवाले आ रहे हैं.'"

"तुला ठाऊक होतं, तरी लावलीस?"

"माझी नोकरी राहील म्हणाले. मशीन खराब झालेल्या फाइलीवरचं एकेका कामगाराचं नाव दाखवून विचारत गेलं, काढू का? मी हो दाबत गेलो."

बाहेर ओट्यावर त्याचे वडील सोमवारसाठी सदऱ्याला बटण लावत होते. एकोणतीस वर्षांच्या कापसाच्या धुळीने मधूनमधून खोकत होते.

बाईंनी आवाज खाली आणला. "ह्यांचं नाव आलं तेव्हा?"

"तेव्हापण विचारलं त्याने."

"त्या डब्ब्याला बाप नाही, तरी तो दर नावाला थांबला. तुला बाप असून थांबता आलं नाही."