नाडीचे बूट

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी कोंडीरामने आढ्याला टांगलेली सायकल दोर सोडून खाली घेतली. सोमी, त्याची थोरली, नवी साडी नेसून ओट्यावर बसली होती. तिला साडेदहाला कशेळ्याच्या शाळेत हजर व्हायचं होतं. नोकरीचा पहिला दिवस. अंतर साडेचार मैल. साल १९६८, दिवाळीची सुट्टी नुकतीच संपलेली.

सायकल लेडीज, जुनी पण धड. ती घेताना घरात दुमत नव्हतं. वाद झाला तो पेडल, बूट आणि सायकल ठेवायची जागा यांवरून. आठ दिवस चालला. कोंडीराम रेल्वेत गँगमन, घरात फारसा न बोलणारा माणूस. या तीन गोष्टींत मात्र तो कुणाचं ऐकेना.

पेडलं कर्जतला गजाच्या दुकानात बदलली. गजाला ते पटलं नव्हतं.

"ही अजून दोन वर्सं जातील की रं."

"रबर गुळगुळीत झालंय. आमच्या आळीतनं वर यायला चढ हाय. पाय घसरंल."

"घसरला तर उतरायचं, ढकलायची, पुन्ना बसायचं. सर्कशीत घालायचीय का पोरीला?"

"उतरायला लागू नये, म्हणूनच म्हणतोय."

गजाने पाना उचलला.

बुटांच्या दुकानात सोमीने पट्ट्याची नाजूक चप्पल पसंत केली. कोंडीरामने ती परत ठेवली आणि पांढरे कॅनव्हासचे बूट पुढे ओढले. नाडीला सहा-सहा भोकं.

"आबा, साडीवर हे? पोरं हसतील मला."

"मास्तरीण हाय का पोलिसात चाललीय?" तिची आई येसूबाई म्हणाली.

"चप्पल पायातनं निघते," कोंडीराम म्हणाला.

"चप्पलच ती. निघणारच!"

दुकानदारही हसला. पेडलवरून चप्पल निसटते, असा सगळ्यांनी त्याचा अर्थ लावला. बूट बांधून मिळाले.

जागेचा वाद सर्वांत मोठा. त्यांची आळी गावाच्या खालच्या अंगाला. तिथून पक्क्या सडकेला जायला एकच वाट, वरच्या आळीच्या पारासमोरून. पारासमोरून जाताना वहाणा हातात घ्यायच्या, ही कोंडीरामच्या बापापासूनची वहिवाट. आता तसं कुणी सांगत नव्हतं. कायदा होऊन बरीच वर्षं झाली होती, दीक्षा घेऊनही बारा वर्षं झाली होती, घरात बुद्धाची तसबीर होती. तरी पारापाशी आला की कोंडीरामचे पाय थांबत आणि हात आपोआप खाली जात. त्याची स्वतःची सायकल अकरा वर्षं सडकेवर, विष्णू गुरुजींच्या पडवीत उभी असायची. घरापासून तिथवर तो चालत जाई. पारासमोरची तीसेक पावलं अनवाणी.

गुरुजी भला माणूस. त्यांनी आपणहून निरोप धाडला होता, सोमीची सायकलही इथेच ठेवा, जागा आहे. पारावर बसणाऱ्या मालोजीच्या कानावर ते आलं होतं.

"कोंड्या, पोरगी मास्तरीण झाली म्हनं. झ्याक झालं! सायकल गुरुजींकडंच ना रं? तुझ्या सायकलीशेजारी?"

"बघू, अण्णा," कोंडीराम म्हणाला. तेव्हा चपला त्याच्या हातात होत्या.

त्याच संध्याकाळी त्याने आढ्याला दोर बांधला.

"अवो, घरात सायकल? निजायचं कुठं?" येसूबाईने विचारलं.

"तिच्याखाली."

"मंग तुमची पन आना."

"माझी राहू दे तिथं."

आज सकाळी तो सोमीच्या पायाशी उकिडवा बसला. नाड्या त्याने स्वतः ओवल्या, घोट्याभोवती एकेक वेढा घेतला आणि गाठीवर गाठ मारली. सोमी म्हणाली, "आबा, मी काय बालवाडीत चाललेय?" त्याने दुसरा बूट ओढून घेतला.

येसूबाई दारात होती. ती वाकली आणि हळू आवाजात म्हणाली, "मालोजी बसलाय पारावर. सकाळपास्नं बसलाय. तिला सांगा, तिथं तेवढी उतर म्हनून. पयला दिस हाय."

"उतरून काय करंल? हे काढायला खाली बसावं लागतंय."

"मंग चप्पलच घ्यायची व्हती."

"म्हणून तर नाय घेतली."

येसूबाईचा हात चौकटीवर होता, तो तिथेच राहिला. सोमीने दोघांकडे पाहिलं, मग आपल्या बुटांकडे. ती उठली, पदर कमरेला खोचला आणि सायकल अंगणातून वाटेवर घेतली. नऊ वीसला तिने पेडलवर पाय ठेवला.

वाटेच्या दोन्ही बाजूंना शेराच्या झाडांचं कुंपण, पुरुषभर उंच. चालणारा माणूस घरातून दिसत नाही. अकरा वर्षांत येसूबाईला त्या कुंपणावर नवऱ्याचं डोकं कधी दिसलं नव्हतं. सोमीचं दिसत होतं. तेल लावून चापून बसवलेले केस, अंबाड्यात अबोलीची वेणी. चढ सुरू झाला तसं डोकं डावीउजवीकडे झुलू लागलं. थांबलं मात्र नाही.

कोंडीराम अंगणात उभा होता. त्याच्या पायांत चपला होत्या. त्यालाही कामावर त्याच वाटेने जायचं होतं.

पारापाशी घंटी दोनदा वाजली. सोमीचं डोकं कुंपणाखाली गेलं नाही.

नऊ बावीसला पारावरचा मालोजी उठून उभा राहिला. दारातून त्याची फक्त पाठ दिसत होती, तोंड सडकेकडे, सोमी गेली त्या बाजूला.