इसोलिनाबाईंचं फ्लॉरेन्स

"एका दिवसात अख्खं फ्लॉरेन्स दाखवते तुम्हाला. इथला दगड न् दगड माझ्या ओळखीचा आहे," असं इसोलिनाबाईंनी लेकीच्या लग्नात मिलानच्या विहीणबाईंना ऐकवलं होतं. त्या विहीणबाई उद्या येणार होत्या, आणि इथेच जन्मून एकाहत्तर वर्षांच्या झालेल्या इसोलिनाबाई मोठ्या चर्चच्या घुमटावर एकदाही चढल्या नव्हत्या. घुमट काय, पळून थोडाच जातोय!

म्हणून आज त्या काळा चष्मा लावून, दूर दक्षिणेकडच्या पालेर्मोहून आलेल्या पाहुण्या म्हणून, पर्यटकांच्या एका टोळीत शिरल्या. टकल्या गाईडने दिवसभर पूल, राजवाडे आणि चित्रं दाखवत सगळ्यांना पळवलं आणि संध्याकाळी चारशे त्रेसष्ट पायऱ्या चढवून घुमटावर आणलं. खाली पसरलेली लाल कौलं पाहून बाई इतक्या हरखल्या की आपण पालेर्मोच्या आहोत हेच विसरल्या.

"किती छान सांगता हो तुम्ही! अगदी अस्सल आमच्यातले. कुठल्या गल्लीतले?"

"मी पिसाचा, मावशी. तो झुकता मनोरा आमचाच."

दारात पिसाचा माणूस दिसण्यापेक्षा घरात मयत झालेली परवडली, असं आम्ही फ्लॉरेन्सवाले पिढ्यान् पिढ्या म्हणत आलोय. बाई दोनशे पायऱ्या तरातरा उतरल्या. मग थांबल्या आणि गाईडची बाही धरून कुजबुजल्या,



"उद्या आमच्या मागे दहा पावलांवर चालायचं. मी चुकले की खोकायचं."