ऐन थंडीतलं हिरवं गवत

"फाटक उघडू नका!"

नोमासोंतो गुरांच्या पुढ्यात आडवी उभी राहिली. गुरं तिच्या सासऱ्यांची, म्हाताऱ्या स्कोसानांची. कुंपणापलीकडे खाणीचा खड्डा होता. कोळसा संपल्यावर कंपनीनं तो बुजवला, वर माती पसरली, गवत पेरलं. आज ती जमीन गावाला परत मिळायची होती. स्कोसानांची गुरं आत चरायला गेली की जमीन चांगली ठरणार आणि कंपनी जबाबदारीतून मोकळी.

"बघा मॅडम," कंपनीचा मॅनेजर व्हान हीर्डन सरकारी खात्याच्या मोकोएनाबाईंना म्हणाला, "सगळं माळरान थंडीनं पिवळं पडलंय, आणि आमचं गवत कसं हिरवंगार!"

"का हिरवं, ते सांगा की त्यांना!" नोमासोंतो कडाडली. "खाली उरलेला कोळसा पेटलाय. जमीन तापलीय, म्हणून हिरवं! गेल्या थंडीत माझी कालवड कुंपणातून आत शिरली आणि पोटापर्यंत जमिनीत रुतली. ओढून काढली, तर पायांची कातडी माझ्या हातात आली."

"कोळसाचोरांनी खणलेलं बीळ होतं ते," मॅनेजर हसला. "सगळी तपासणी झालीय. जमीन भक्कम आहे. पोरांनी खुशाल फुटबॉल खेळावा."

"सूनबाई, पुरे झालं," सासरे पुटपुटले. "माझा बाप इथंच मका लावायचा. मरायच्या आत मिळतेय, तर मिळू दे."

तिला त्यांची कीव आली. त्या किवेनं संताप आणखीच भडकला. या माणसाच्या आशेवरच तर कंपनीचं सगळं चाललं होतं.

मोकोएनाबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "अहवाल तर ठीक दिसतोय," त्या म्हणाल्या. "सोडा गुरं."

नोमासोंतोनं स्वतःच फाटक उघडलं. एकटी आत शिरली आणि फाटक मागे लावून घेतलं. चपला तिथंच भिरकावल्या.

"बघा, चालतेय की!" मॅनेजर म्हणाला. त्याची दोघंतिघं माणसं हसली.

ती चालत राहिली. तळव्यांना आधी ऊब लागली, मग चटका. समोर जमीन जराशी दबलेली होती. तिथलं गवत सगळ्यांत हिरवं, आणि त्यातून वाफेची बारीक रेघ वर येत होती. ती सरळ तिकडेच निघाली.

मॅनेजरचं हसू मावळलं. त्यानं कुंपणाची तार घट्ट धरली.

"ए बाई, थांब!" तो किंचाळला. "पुढं पाऊल टाकू नकोस! तिथं खाली पोकळ आहे!"

मोकोएनाबाई सावकाश त्याच्याकडे वळल्या. त्यानं ओठ आवळले, पण शब्द निघून गेले होते.

नोमासोंतो थांबली. तळवे भाजत होते, तरी जागची हलली नाही.

"माझ्यासाठी ओरडलात, साहेब. उद्या गुरांमागं आमची पोरं इथं आली असती, तेव्हा कोण ओरडणार होतं?"