रक्ताचा एक थेंब

रेणूने प्रयोगशाळेत केसाहून हजारपट बारीक, थरथरणारी पट्टी बनवली होती. तिच्यावर रोगाचा एक कण बसला तरी थरथर बदलते. पुढेमागे रक्ताच्या एका थेंबातून कॅन्सर ओळखता येईल, असं २००६ साली पेपरात छापून आलं.

तिसऱ्याच दिवशी नांदेडचे दिगंबरराव काचीगुडा स्टेशनवर उतरून, पत्ता विचारत तिच्या नल्लकुंट्याच्या घरी आले. पिशवीत बायकोचे रिपोर्ट होते.

"काका, पट्टी अजून निर्वात नळीतच चालते," रेणूने समजावलं. "रक्तात बुडवली की चिकटून बसते. शंभरात एखादीच नीट बनते. दवाखान्यात यायला पंधरा वर्षं तरी लागतील. काकूंना आत्ताच मोठ्या डॉक्टरांकडे न्या."

"ती मागच्या वर्षीच गेली, मॅडम. तिची आई बी ह्याच्यानंच गेली."

रेणूची मान खाली गेली. "आणि पंधरा वर्षांचंही मी छातीठोक सांगू शकत नाही, काका."

दिगंबररावांनी हात जोडले.



"पंधरा लागू द्या, मॅडम, पण त्याच्यावर नको. पोरगी माझी आठ वर्षांची आहे."